निळी ज्योत

मुलांनो, आज शाळेतून घरी गेलात, की एकदा स्वयंपाकघरात डोकावा. अम्मी चहा करत असेल. शेगडीच्या फार जवळ जाऊ नका. थोडे दूर उभे राहा आणि दोन गोष्टी पाहा. ज्योतीचा रंग निळा आहे, की पिवळा? पातेल्याचा तळ स्वच्छ आहे, की काळा?

डॉक्टर जीभ पाहून आपली तब्येत ओळखतात. तशीच ज्योत पाहून विस्तवाची तब्येत ओळखता येते. कशी, ते या पाठात पाहू.

विदर्भातील यवतमाळ जिल्हा कापसासाठी प्रसिद्ध आहे. कापसाला तेथे ‘पांढरे सोने’ म्हणतात. कापूस वेचून झाला, की शेतात उरलेली झाडे उपटतात आणि उन्हात वाळवतात. या वाळलेल्या झाडांना पऱ्हाटी म्हणतात. तुरीच्या वाळलेल्या काड्यांना तुराट्या म्हणतात. पऱ्हाटी, तुराट्या आणि शेणाच्या गोवऱ्या हे तेथील खेड्यांतले सरपण. त्यावर मातीची चूल पेटते आणि ज्वारीची भाकरी टम्म फुगते. याच जिल्ह्यात वणीच्या परिसरात दगडी कोळशाच्या खाणी आहेत. कोळशाची शेगडीही लोकांच्या ओळखीची आहे. आता शहरांत आणि खेड्यांतही घरोघरी गॅसची शेगडी आली आहे. काही घरांत विजेची भट्टी, म्हणजे ओव्हनही आला आहे. ईदच्या आधी नानखटाईचे ताट घेऊन बेकरीच्या भट्टीवर जाणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. तीच नानखटाई आता काहींच्या घरातही भाजली जाते.

चूल वेगळी, शेगडी वेगळी, भट्टी वेगळी. पण चुलीत, कोळशाच्या शेगडीत आणि गॅसच्या शेगडीत पेटणारा विस्तव एकाच नियमाने चालतो. तो नियम समजला, की विस्तव कसा वापरावा आणि चूल किंवा शेगडी कशी स्वच्छ ठेवावी, हे पाठ करावे लागत नाही. ते आपोआप कळते.

विस्तवाला काय लागते?

विस्तवाला तीन गोष्टी लागतात : जळण, उष्णता आणि हवा. लाकूड, कोळसा, गॅस हे झाले जळण. काडी ओढली, की उष्णता मिळते. हवा तर सगळीकडे असतेच. म्हणून आपण तिला विसरतो आणि तेथेच चुकतो.

शाळेत शिक्षकांना हा प्रयोग करून दाखवायला सांगा. टेबलावर पेटती मेणबत्ती ठेवायची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा घालायचा. ज्योत हळूहळू लहान होते आणि विझते. मेणबत्तीचे मेण संपले नाही. मग ज्योत का विझली? पेल्यातल्या हवेतील ऑक्सिजन कमी झाला म्हणून.

आता दुसरा विचार करा. हवा अजिबात मिळाली नाही, तर विस्तव विझतो. हवा भरपूर मिळाली, तर जळण पूर्ण जळते. पण हवा अर्धवट मिळाली तर? तर जळण अर्धवट जळते. न जळलेल्या कोळशाचे बारीक कण धुरातून वर जातात. तीच काजळी. ती भांड्याच्या तळाला बसते, भिंतीला बसते, चूल पेटवणारीच्या छातीतही जाते. गॅसच्या ज्योतीत असे कण तापून पिवळे दिसतात. म्हणून गॅसची निळी ज्योत म्हणजे पूर्ण ज्वलन आणि पिवळी ज्योत म्हणजे अपुरे ज्वलन. काळे पातेले आपल्याला हेच सांगत असते.

अर्धवट ज्वलनातून आणखी एक वायू तयार होतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही आणि वासही नाही. तो श्वासातून रक्तात शिरतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. माणसाचे डोके दुखते, चक्कर येते, झोप येते. त्या झोपेतून माणूस कधी कधी उठतच नाही. म्हणून थंडीच्या रात्री पेटत्या कोळशाची शेगडी खोलीत ठेवून, दारे-खिडक्या लावून कधीही झोपू नये. शेगडीतून धूर येत नाही, म्हणजे धोका नाही, असे समजू नका.

धूर कुठे जातो?

तुमच्या दादीला विचारा, ‘लहानपणी घरी चूल होती का?’ ती सांगेल, की पावसाळ्यात सरपण ओले असे. फुंकणीने फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी येई. ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातले पाणी वाळवण्यातच खर्च होते. म्हणून ते नीट पेटत नाही आणि फार धूर करते.

हा धूर केवळ डोळ्यांना त्रास देत नाही. चुलीजवळ बसलेल्या बाईचे आणि तिच्या मांडीवरच्या बाळाचे फुप्फुस त्याने बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, घरातील धुराच्या प्रदूषणामुळे 2020 साली जगभरात सुमारे 32 लाख माणसे दगावली. हा आकडा एकाच वर्षाचा आहे. अपघातात माणूस जातो, ते सर्वांना दिसते. धुराने माणूस हळूहळू जातो, ते कोणाला दिसत नाही.

धुराचा हा प्रश्न आपल्याकडे पूर्वीच ओळखला गेला होता. यवतमाळच्या शेजारी वर्धा जिल्हा आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. खेड्यातील माणसाचे रोजचे काम सोपे कसे होईल, याचा विचार तेथे होत असे. धूर बाहेर नेणारी ‘मगन चूल’ याच मगनवाडीच्या नावाने ओळखली जाते. पुढे हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनीही बिनधुराच्या चुलीवर काम केले. त्यांची त्याविषयीची पुस्तिका 1953 साली निघाली. 1983 साली भारत सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो 2002 सालापर्यंत चालला.

या चुलींत युक्ती साधीच होती. जळण आत घालायला एक तोंड आणि धूर बाहेर जायला धुराडे. गरम धूर हलका असतो. तो धुराड्यातून वर चढतो आणि जाताना बाहेरची ताजी हवा चुलीत ओढून घेतो. म्हणजे धूरही जातो आणि हवाही मिळते. मात्र धुराडे साफ ठेवले नाही, तर काजळीने ते आतून अरुंद होते. मग धूर घरातच परततो. साचलेली काजळी पेट घेऊ शकते, हा आणखी एक धोका. म्हणून धुराडे ठरलेल्या दिवशी साफ केलेच पाहिजे. चूल कितीही चांगली असली, तरी तिची निगा राखणारा हात लागतोच.

चुलीची निगा

चूल साफ करायची वेळ कोणती? विस्तव पूर्ण विझून चूल थंड झाल्यावर. ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा.

चुलीत राख साचली, की जळणाखाली हवा शिरत नाही. म्हणून रोज सकाळी चूल पेटवण्याआधी राख काढावी. मातीच्या चुलीला भेगा पडल्या, तर त्या चिखलाने बुजवाव्यात. मग पोतेऱ्याने चूल सारवून घ्यावी. चुलीच्या शेजारचा वैलही स्वच्छ ठेवावा. जुन्या बायका हे काम रोज नेमाने करत. ती केवळ सवय नव्हती, त्यामागे शहाणपण होते.

पण राख फसवी असते, बरे का! पूर्वी काडेपेटी जपून वापरत. त्या काळी रात्री जेवणे झाली, की निखारे राखेत पुरून ठेवत. सकाळी राख बाजूला केली, की निखारा लालभडक निघे. त्यावरच दिवसाची चूल पेटे. राखेतून उष्णता लवकर बाहेर पडत नाही आणि हवाही थोडीच आत जाते. म्हणून निखारा रात्रभर जिवंत राहतो.

आता विचार करा. वरून थंड दिसणारी अशीच राख कोणी दुपारी उकिरड्यावर टाकली. जवळच पऱ्हाटीचा ढीग आहे. शेजारी जनावरांचा गोठा आहे. उन्हाळ्याचा वारा सुटला आहे. राख उडून गेली आणि आतला निखारा उघडा पडला. पुढे काय होईल, ते सांगायला नको.

कापसाच्या भागात तर अधिक जपावे लागते. चांगला भाव येईपर्यंत बरेच शेतकरी वेचलेला कापूस घरातच एखाद्या खोलीत भरून ठेवतात. वर्षभराची मेहनत त्या खोलीत असते. मुलांची फी, बहिणीचे लग्न, पुढच्या हंगामाचे बियाणे, सारे त्या कापसावर अवलंबून असते. कापसाच्या तंतूंमध्ये हवा भरलेली असते. म्हणून तो एका ठिणगीने पेटतो. वरून विझलेला दिसला, तरी आत धुमसत राहतो. म्हणून कापसाची खोली आणि चूल यांच्यात भिंत हवी. त्या खोलीत दिवा, मेणबत्ती, विडी काहीही नेऊ नये. सरपण चुलीला चिकटून रचू नये. राखेवर पाणी शिंपडून, ती पूर्ण विझली याची खात्री करूनच ती बाहेर टाकावी.

गॅसची शेगडी

भारतात स्वयंपाकाचा गॅस 1955 साली मुंबईत प्रथम मिळू लागला. खेड्यातील गरीब घरांपर्यंत पोहोचायला त्याला फार वर्षे लागली. 1 मे 2016 रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाली आणि अनेक घरांत पहिल्यांदाच लाल सिलिंडर आला. घरगुती वापराच्या नेहमीच्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. तो दाबाखाली द्रवरूपात भरलेला असतो. बाहेर आला, की त्याचा वायू होतो आणि तो पसरतो.

या गॅसच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. तो वास म्हणजे आपला पहारेकरी. दुसरी, हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला, तर तो वर उडून जात नाही. पाण्यासारखा खाली जमिनीलगत साचतो. म्हणून वरचा झरोका उघडून भागत नाही. दारही उघडावे लागते.

आता रमजानमधील पहाट आठवा. सेहरीसाठी अम्मी अंधारात उठते. डोळ्यांवर झोप असते. स्वयंपाकघराच्या दारात पाय टाकताच तिचा हात दिव्याच्या बटणाकडे जातो. पण आत गॅस साचला असेल, तर बटणाच्या लहानशा ठिणगीनेही भडका उडू शकतो. म्हणून आधी दारात थांबावे आणि वास घ्यावा. वास नसेल, तरच दिवा लावावा. आणि वास आला तर?

1. विजेचे कोणतेही बटण लावू नये आणि बंदही करू नये. काडी ओढू नये.
2. दारे-खिडक्या उघडाव्यात.
3. मोठ्या माणसाने शेगडीची बटणे व रेग्युलेटर बंद करावा.
4. सर्वांनी बाहेर यावे. बाहेर आल्यावरच फोन करावा. गॅसगळतीची तक्रार 1906 या क्रमांकावर कोणत्याही वेळी करता येते.

मुलांनो, यातील तिसरे काम मोठ्यांचे आहे. तुमचे काम घरातल्यांना उठवणे आणि लहान भावंडांना बाहेर नेणे.

शेगडी वापरतानाही काही नियम पाळावेत. सिलिंडर नेहमी उभा ठेवावा. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर, ओट्यावर असावी. रबरी नळीवर भारतीय मानक संस्थेची खूण असावी. नळीला चीर पडली असेल किंवा ती कडक झाली असेल, तर ती लगेच बदलावी. चांगली दिसली, तरी पाच वर्षांत ती बदलावीच. आधी काडी पेटवावी आणि मग शेगडीचे बटण फिरवावे. आधी बटण फिरवून मग काडेपेटी शोधत बसलो, तर तेवढ्या वेळात गॅस साचतो. ओढणी किंवा पदर नीट खोचून घ्यावा. रात्री झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करावा.

शेगडीची सफाई

दूध उतू जाते, वरण सांडते. ते बर्नरच्या बारीक भोकांत शिरते आणि वाळते. मग गॅस नीट बाहेर येत नाही, हवेत नीट मिसळत नाही आणि ज्योत पिवळी होते. म्हणजे शेगडीची सफाई केवळ शोभेसाठी नाही. सफाई ही हवेची वाट मोकळी करण्यासाठी आहे.

सफाई अशी करावी. प्रथम रेग्युलेटर बंद करावा. शेगडी पूर्ण थंड होऊ द्यावी. मग भांडी ठेवायच्या जाळ्या आणि बर्नर काढून घ्यावेत. ते साबणाच्या गरम पाण्यात अर्धा तास भिजत ठेवावेत. मग जुन्या टूथब्रशने घासावेत. भोके बुजली असतील, तर बारीक तारेने मोकळी करावीत. स्वच्छ पाण्याने धुऊन ते पूर्ण वाळवावेत. बर्नर ओला असेल, तर ज्योत नीट लागत नाही. शेगडीचा वरचा भाग ओल्या फडक्याने पुसावा. तिच्यावर पाणी ओतू नये. शेवटी बर्नर आपल्या जागी सरळ बसवावा. तो तिरका बसला, तर ज्योत एका बाजूने भडकते. एवढे करूनही ज्योत पिवळीच राहिली, तर शेगडी स्वतः खोलू नये. गॅस एजन्सीच्या माणसाला बोलवावे.

विजेच्या भट्टीत ज्योत नसते, पण धोका असतोच. साफ करण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढावा. भट्टी थंड झाल्यावरच आत हात घालावा. सांडलेल्या तुपावर खाण्याच्या सोड्याचा ओला लेप लावून काही वेळाने पुसून घ्यावे. तापणाऱ्या सळ्यांना लेप किंवा पाणी लावू नये. आत साचलेले तूप पुढच्या वेळी तापून धूर करते आणि पेटूही शकते. भट्टीच्या मागे व बाजूला मोकळी जागा ठेवावी. तिच्यावर कागद किंवा कपडा ठेवू नये.

कधी चूक झालीच तर

इफ्तारची वेळ जवळ आली आहे. कढईत समोसे तळले जात आहेत. घाई आहे. कोणीतरी दार वाजवले आणि कढई तशीच राहिली. तेल फार तापले आणि पेटले. अशा वेळी बहुतेक माणसे पाण्याकडे धावतात. हीच मोठी चूक! पाणी तेलापेक्षा जड असते. ते तेलाच्या तळाशी जाते आणि क्षणात त्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची सुमारे 1700 लिटर वाफ होते. ती वाफ पेटते तेल छतापर्यंत उडवते. मग काय करावे? मेणबत्तीवरचा पेला आठवा. मोठ्या माणसाने हात पोहोचत असेल, तर गॅस बंद करावा आणि कढईवर मोठे झाकण सरकवावे. हवा तुटली, की आग विझते. कढई उचलून पळू नये आणि झाकण लगेच काढूनही पाहू नये. आग पसरली असेल, तर सर्वांनी बाहेर पडावे. 101 क्रमांकावर अग्निशमन दल आणि 112 क्रमांकावर तातडीची मदत मिळते.

कपड्यांनी पेट घेतला, तर पळू नका. पळताना वारा लागतो आणि आग वाढते. जमिनीवर झोपा आणि लोळा. हात भाजला, तर तो 20 मिनिटे थंड, वाहत्या पाण्याखाली धरा. शाई, टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ यांपैकी काहीही लावू नका. फोड फोडू नका. भाजलेला भाग मोठा असेल, तर 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा.

मुलांनो, विस्तव हा आपला जुना सोबती आहे. तो भाकरी भाजतो, दूध तापवतो, थंडीत ऊब देतो. पण तो एकटा सोडण्याजोगा सोबती नाही. पेटता असेल, तेव्हा त्याच्याजवळ जागे माणूस हवे. विझला, की चूल-शेगडीची सफाई हवी. आणि दोन्ही वेळी हवेला वाट हवी.

आज संध्याकाळी ज्योतीचा रंग नक्की पाहा. ती पिवळी असेल, तर अम्मी-अब्बांना सांगा आणि सुट्टीच्या दिवशी शेगडी साफ करायला त्यांना मदत करा. हे काम एकट्या अम्मीचे नाही. घरात जेवणाऱ्या प्रत्येकाचे आहे.

शब्दार्थ

विस्तव – आग
सरपण – जाळण्यासाठीची लाकडे, काड्या
निखारा – जळता कोळसा
काजळी – धुराचा काळा थर
धुराडे – धूर बाहेर जाण्याची नळी
वैल – चुलीच्या शेजारचे दुसरे तोंड
पोतेरे – सारवण्याचे फडके
धुमसणे – ज्योत न दिसता आतून जळत राहणे
निगा – काळजी

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) विस्तवाला कोणत्या तीन गोष्टी लागतात?
(आ) स्वयंपाकाच्या गॅसमध्ये उग्र वासाचा पदार्थ का मिसळतात?
(इ) पऱ्हाटी म्हणजे काय?

2. कारणे द्या.
(अ) पेटत्या तेलावर पाणी टाकू नये.
(आ) चुलीतील राख लगेच उकिरड्यावर टाकू नये.
(इ) बर्नरची भोके बुजली, की ज्योत पिवळी होते.

3. पुढील शब्द वाक्यांत वापरा : निगा, खात्री, पहारेकरी, फसवा.

4. तुमच्या दादीला किंवा नानीला तिच्या लहानपणच्या चुलीविषयी विचारा. तिने सांगितलेले पाच-सहा वाक्यांत मराठीत लिहा.